पत्रावळीतल्या टाचण्या

आत्याचा नेम होता, शिवलेल्या पानावरच जेवायचं. वडाची पानं, नारळाच्या हिराच्या बारीक काड्यांनी टाचलेली. जेवण झालं की ती आपली पत्रावळ स्वतः नेऊन गाईपुढे टाकायची. विधवा होऊन ती आमच्याकडे परतली, तेव्हा उरलेल्या बांगड्या मोडून तिने पट्टीश्वरमहून ही गाय आणली होती. आमच्या घरात तिचं स्वतःचं असं तेवढंच होतं.

त्या सुट्टीत पत्रावळी लावायचं काम माझ्याकडे आलं. कॉन्व्हेंटच्या शिवणवर्गात आम्हांला आधी टाचण्या लावून कापड बसवायचं, मग शिवायचं आणि शेवटी टाचण्या काढायच्या, असं शिकवलं होतं. मी पानांनाही तसंच केलं.

"इंग्रजी पत्रावळ गे ही!" आत्या हसली.

गठ्ठा माळ्यावर ठेवल्यावर डबीत पाहिलं, तर दोन टाचण्या कमी होत्या. पुन्हा गठ्ठा काढून सांगायची मला लाज वाटली. त्यापुढे रोज मी आत्याच्या घासाकडे बघत बसे.

"काय गे, दृष्ट लावतेस काय जेवणाला?"

मी मान खाली घाली. पत्रावळी संपल्या, आत्याला काही झालं नाही, आणि मी सुटले. गाईचा विचार एकदाही मनात आला नाही.

काही आठवड्यांनी गाईने खाणं सोडलं. पाठ कमानीसारखी काढून, पुढचे कोपर बाहेर फाकून ती उभीच राही. बसताना कण्हे. मग गळ्याखालची पोळी सुजून लोंबू लागली. गुरांच्या डॉक्टरांनी तिच्या पाठीवर चिमटा काढला, तशी ती ओरडली.

"लोखंड गेलंय पोटात," ते म्हणाले. "गाय आधी गिळते, चघळते मागून. तोंडात तिला कळत नाही. पोटाच्या पुढच्या पिशवीत ते अडकतं, आणि काळीज तिथून चार बोटांवर."

"काढता येईल?"

"आता नाही, अम्मा."

तिसऱ्या दिवशी ती मेली. तिच्या तान्ह्या वासराला आम्ही चमच्याने पेज पाजत होतो.

आत्याने दोष पेंडवाल्याला दिला. "तुझ्या पेंडीतच खिळा होता! माझी गाय खाल्लीस तू," ती दारातून तमिळमध्ये ओरडली. सगळी गल्ली ऐकत होती. त्याच्याकडून कोणी काही घेऊ नका, असं ती शेजारणींनाही सांगून आली होती.

म्हातारा पेंडवाला पायरीखाली हात जोडून उभा होता. "तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या गणपतीची, पिळ्ळैयाराची शपथ, अम्मा. मी पेंड चाळून देतो." मग त्याला दाराआड मी दिसले. "पापा, पोरी, तू शिकलेली. तूच सांग यांना, माझ्या पेंडीत कधी काही सापडलं?"

आत्याने वळून माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे रडून सुजले होते.

"मला ठाऊक नाही," मी म्हटलं.

त्याने रिकामं पोतं खांद्यावर टाकलं आणि तो गेला. पुन्हा आमच्या गल्लीत आला नाही.