विचारत विचारत जाऊ

अनय, ईरा, पुढच्या आठवड्यात तुम्ही भाड्याच्या गाडीने नॉर्वे फिरणार आहात आणि काल म्हणालात, "आजी, फोन आहे ना, नकाशे कशाला?" म्हणून आजच लिहायला बसले.

आम्हीही एकदा अशीच गाडी घेऊन स्कॉटलंड फिरलो होतो. तिथल्या एका दुकानात तुमच्या आजोबांनी साऱ्या देशाचा एकच घडीचा नकाशा उचलला. मी लहानसहान वाटाही दाखवणारं, नकाशांचं जाडजूड पुस्तक घेतलं. "एवढं ओझं कशाला? विचारत विचारत जाऊ की," ते म्हणाले. आपल्याकडे तसंच जातात. नाक्यानाक्यावर कुणीतरी खिडकीशी वाकून रस्ता सांगतंच.

पुढे डोंगरात धुकं उतरलं आणि मागच्या सीटवर तुमच्या आईला दम्याची उबळ आली. लहान होती ती. औषधाने उतार पडेना. रस्त्याला फाटा फुटला तिथे आजोबांनी गाडी थांबवली. माणूस कुठेच नव्हता, नुसत्या मेंढ्या.

"विचारा आता त्यांना," मी म्हणाले.

"टोमणे नंतर मार. दवाखाना कुठे ते सांग!"

त्यांच्या नकाशात तो फाटाच नव्हता. माझ्या पुस्तकात होता, आणि दरीतल्या गावापाशी दवाखान्याची खूणही. सुटसुटीत नकाशा घेणाऱ्याने वाट चुकणार नाही असं धरलेलं असतं. मी मात्र ती चुकेल असंच धरते.

"डावीकडे घ्या," मी म्हणाले, आणि दवाखान्याचं दार दिसेपर्यंत कागदावरचं बोट उचललं नाही.

तुमची आई बरी झाली. पुस्तकाची पानं आता सुटली आहेत, पण त्या रस्त्यावर उमटलेली माझ्या नखाची रेघ अजून आहे.