अकरा लेबलं

परळच्या त्या कॉलेजात तळमजल्यावर, जिन्याच्या बाजूला, एक लांबट खोली आहे. दारावर पाटी 'म्युझियम' अशी असली तरी आत तीन विभागांचा संसार भरलेला. एका भिंतीला प्राणिशास्त्राच्या बरण्या, त्यांत पिवळ्या पाण्यात वेटोळी घालून बसलेले साप. मधल्या टेबलांवर भूशास्त्राचे दगड, ज्यांची विचारपूस त्या विभागाबाहेर कुणी करत नाही. आणि खिडकीकडे वनस्पतिशास्त्राची लोखंडी कपाटं, त्यांत जाड कागदांवर शिवून ठेवलेली हजारो वाळकी झाडं. तिन्ही विभागांचं आपसात विळ्याभोपळ्याचं सख्य. कपाट कुणाचं, खिडकी कुणाची, पंखा कुणाच्या बजेटमधला, यावर मीटिंगा झडत. धूळ मात्र तिघांची एकच, आणि ती पुसायची कौसल्या पेडणेकरने.

कौसल्या करी रोडची. नवरा याच कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होता. तो अचानक गेला आणि अनुकंपा तत्त्वावर, चौतिसाव्या वर्षी, ही त्याच्या जागी लागली. शिक्षण दहावीपर्यंत, पण हाताला शिवण होती. डॉ. हितेंद्र समेळ वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिच्यासमोर एक वाळलेली फांदी ठेवली आणि विचारलं, "कौसल्याबाई, ही न मोडता कागदावर टाचता येईल?" तिने खळ लावली, पांढरा दोरा ओवला आणि देठावर असे बारीक टाके घातले की सर चष्मा काढून बघत राहिले. त्या दिवसापासून संग्रहातलं प्रत्येक नवं झाड तिच्या हातून जाऊ लागलं. "मला त्यातलं काय कळतंय," असं ती कुणालाही सांगे. ते खरं नव्हतं. पाच-सहा वर्षांत तिला खाडीकाठचं झाड नुसतं पान चुरडून ओळखता येत होतं.

आता ती साठीला टेकली होती. महिनाअखेरीला सेवानिवृत्ती. नारळ, शाल आणि प्राचार्यांचं भाषण ठरलेलं. आणि कौसल्याच्या पोटात मात्र वीस वर्षांपूर्वीचा एक सोमवार आजही तसाच रुतून बसला होता.

तो सोमवार २००५ च्या जुलैतला. समेळ सरांनी शिवडीच्या खाडीकाठची आणि मालवणकडच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळपठारांवरची, छत्तीस झाडं टेबलावर मांडून ठेवली होती. सरांची एक पद्धत होती. झाडाचा नंबर ते ज्या वर्तमानपत्रात झाड दाबलेलं असे त्याच्या कोपऱ्यावर लिहीत. त्याच नंबरचं लेबल वेगळं, त्यावर जागा, तारीख, माती कसली. झाडाचं नाव मात्र नंतर, सावकाश, भिंगाखाली बघून भरायचं. "उद्या मी युनिव्हर्सिटीत आहे. आज तेवढी लेबलं चिकटवून टाका, म्हणजे विषय संपला," एवढंच सर म्हणाले आणि वर्गावर गेले.

पण कौसल्याची भाची माया, तिचा साखरपुडा आला होता आणि हिंदमाताला साड्यांचा सेल लागला होता. लेबलं काय, उद्या सकाळी अर्ध्या तासाचं काम. चार वाजता तिने पिशवी उचलली. मोरपंखी रंगाची साडी मिळाली, भावही बरा पडला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारपासून जे आभाळ फाटलं, ते अख्ख्या मुंबईला ठाऊक आहे. तळमजल्यावर कमरेइतकं पाणी चढलं.

तिसऱ्या दिवशी खोलीचं दार उघडलं तेव्हा दगडांना काहीही झालेलं नव्हतं, सापांना तर नाहीच. कपाटांचे खालचे खण रिकामे होते, तीही वाचली. टेबल मात्र आडवं झालेलं होतं. वर्तमानपत्रांचा लगदा झाला होता, नंबर त्याच लगद्यात गेले. झाडं चिखलातून हाताने वेचावी लागली. लेबलं मात्र तरंगून खिडकीच्या जाळीला जाऊन चिकटली होती. सर पक्क्या काळ्या शाईत लिहीत, त्यामुळे अक्षर न् अक्षर शाबूत. झाडं होती, लेबलंही होती. कुठलं कुणाचं, तेवढं पुसलं गेलं होतं.

सर स्वतः त्या पाण्यात अडकून तापाने फणफणले होते. ते पंधरा दिवसांनी येणार होते. कौसल्याने टिपकागद बदलून बदलून झाडं वाळवली, लेबलांना इस्त्री केली आणि जोड्या लावायला बसली. खाडीची बहुतेक झाडं तिने ओळखली, सड्यावरची काही ओळखली, काहींच्या गोष्टी सरांनी दाबताना सांगितल्या होत्या त्या आठवल्या. पंचवीस लागली. अकरा उरली. बारीकसारीक, काळपट पडलेली, एकाची पाकळी दुसऱ्यापासून वेगळी सांगता येऊ नये अशी. त्या अकरांपुढे ती दोन दिवस बसली. मग तिसऱ्या दिवशी तिने डोळे मिटून नव्हे, पण जवळजवळ तसंच, अकरा लेबलं चिकटवून टाकली.

सर आले. शीट्स बघितल्या. "सगळं वाचलं की हो! लेबलं आधीच लावली होतीत ना?"

"हो सर," कौसल्या म्हणाली.

एवढंच. दोन शब्द. खोटं बोलायला फार वेळ लागत नाही, ते सांभाळायलाच जन्म जातो.

पुढे सर एकेका झाडाला भिंगाखाली घेऊन नाव देत गेले. एक दिवस ते एका शीटपाशी अडले. पिवळ्या फुलांचं वीतभर झाड, लेबलावर शिवडी. लॅटिन नाव कौसल्याच्या जिभेवर कधी बसलं नाही, ती आपली 'पिवळी' म्हणे. सर म्हणाले, हे झाड कातळावरचं, मुंबईत मिळाल्याची कुठेच नोंद नाही. मिळालं असेल तर मोठीच गोष्ट. मग हातातला चहाचा कप त्यांनी तसाच खाली ठेवला.

"कौसल्याबाई, शिवडीचा तो दिवस मला लख्ख आठवतो. भरती कधी होती, चप्पल कुठे रुतली, सगळं. हे झाड तोडलेलं मात्र आठवत नाही. अक्षर तर माझंच आहे." ते कसनुसं हसले. "डोकं दगा द्यायला लागलं वाटतं."

त्या क्षणी सांगायचं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण तिच्या तोंडून निघालं ते असं: "वयाच्या मानाने होतंच हो सर थोडंफार."

लेबलं चुकली ती घाईने, भीतीने. त्याची माफी कौसल्याने स्वतःला कधीतरी दिली असती. पण हे वाक्य तिने शुद्धीत, समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून उच्चारलं होतं. सर तेव्हा अवघे सत्तावन्न वर्षांचे होते.

सरांनी त्या झाडावर लेख लिहिला, तो छापून आला, चार ठिकाणी त्याचा दाखला दिला गेला. पण माणूस आतून हलला. वर्गात विद्यार्थ्याचं नाव चटकन आठवलं नाही तरी घाबरे होत. एकट्याने रानात जाणं सोडलं. मुंबईच्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहायचा होता, त्याचे कच्चे खर्डे कपाटात पडून राहिले. "स्मरणशक्तीवर भरवसा नाही, आपण चुकीचं काही छापायचो," म्हणत. निवृत्त झाले आणि सहा वर्षांपूर्वी गेले. दादरला अंत्ययात्रेला कौसल्या गेली होती. चिता पेटेपर्यंत थांबणं तिला जमलं नाही.

मधल्या काळात गणपतीला मालवणकडे माहेरी गेली असताना तिने सड्यावर ती पिवळी पाहिली. एक-दोन नव्हे, अख्खा कातळ पिवळा झालेला. म्हणजे संशयालाही जागा उरली नाही. तिने तिथेच कातळावर बसून घेतलं. बहीण विचारत होती, "गे बाय, चक्कर इली काय तुका?"

आणि मग तीन वर्षांपूर्वी नम्रता तांबे आली. नायगावच्या बीडीडी चाळीतली, घरातली पहिली पीएचडी करणारी मुलगी. तिचा विषय, मुंबईतून नाहीशी होत चाललेली झाडं. कपाटातली शीट्स ती अशी हळुवार उचले की कौसल्याचा जीव तिच्यावर जडला. आणि एक दिवस नम्रताने नेमकी तीच शीट टेबलावर ठेवून सांगितलं, "मावशी, ही मी शोधणार. शिवडीत अजून कुठेतरी असेल ना!"

दोन पावसाळे ती शोधत राहिली. ओहोटीच्या वेळा बघून जायची, गोदामांच्या मागून, गुडघाभर चिखलातून. एकदा फुटक्या बाटलीने पाय फाटला, तशीच लंगडत म्युझियमात आली. कौसल्याने जखम धुतली, हळद दाबली. नम्रता ओठ दाबून हसली, "पिवळीने रक्त काढलं माझं!" कौसल्या मान खाली घालून पट्टी बांधत राहिली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तिच्या मनात तर भरदुपारचं ऊन होतं.

निवृत्तीला आठवडा उरला असताना नम्रता पेढे घेऊन आली. "मावशी, शुक्रवारी थिसिस सबमिट! पाचवं चॅप्टर अख्खं पिवळीवर आहे. भराव टाकून टाकून आपण ती संपवली, असं लिहिलंय. आणि आभारात तुमचं नाव आहे, समेळ सरांच्या लगेच खाली."

पेढा कौसल्याच्या हातात राहिला. गप्प बसली तर आठवड्यात ती घरी, आणि ही गोष्ट कायमची बंद. कुणाला काडीचा पत्ता लागणार नव्हता. पण सरांच्या लगेच खाली तिचं नाव, आणि या पोरीच्या नावावर एक धादांत खोटं झाड.

"नम्रता, दार लोटून घे," ती म्हणाली. "ती पिवळी शिवडीला कधी नव्हतीच गो."

आणि तिने सगळं सांगितलं. साडीच्या सेलपासून. लगदा, इस्त्री, अकरा शीट्स, "हो सर", आणि ते वयाचं वाक्यसुद्धा.

नम्रताने पेढ्यांचा बॉक्स खाली ठेवला. मग म्हणाली, "दोन वर्षं, मावशी. दोन वर्षं मी त्या चिखलात मरत होते. माझ्या पायाला तुम्ही हळद लावलीत. तेव्हा तरी बोलायचं ना!"

"चुकलं माझं."

"चुकलं काय? एवढंच?" तिने पिशवी उचलली आणि पेढ्यांचा बॉक्स तिथेच टाकून निघून गेली.

दोन दिवस ती फिरकली नाही. कौसल्या नुसती कपाटं पुसत राहिली. तिसऱ्या दिवशी नम्रता आली ती डोळे सुजवून. थिसिसला तीन महिने मुदतवाढ मागितली होती, पाचवं चॅप्टर उचलून टाकायचं होतं. तिच्या हातात समेळ सरांची रानात न्यायची वही होती. सरांच्या मुलीने ती कॉलेजला दिली होती.

"माझे गाईड पहिल्याच वर्षी म्हणाले होते, लेबल चुकलं असेल, नाद सोड. मी त्यांना हे पान दाखवलं, मग त्यांनीही मानलं. तुम्हाला दाखवायचं की नाही, दोन दिवस विचार करत होते. पण बघाच तुम्ही."

वही सगळी इंग्रजीत होती. नंबर, जागा, माती. पण शिवडीच्या पानावर समासात, पेन्सिलीने, मराठीत चार ओळी होत्या. अक्षर सरांचं: 'हे झाड इथे तोडल्याचं आठवत नाही. माझ्या मते सड्यावरचं. परंतु लेबल कौसल्याबाईंनी लावलं आहे, त्या अर्थी तेच बरोबर. चूक माझी.'

कौसल्याने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचता आलं नाही. पदर तोंडाशी धरून ती दगडांच्या टेबलाला टेकली, आणि नवरा गेल्यावरही जी रडली नव्हती ती बाई त्या सापांसमोर हमसून हमसून रडली. नम्रताने तिला रडू दिलं. जवळ आली नाही, पण गेलीही नाही.

संग्रहाचा एक नियम आहे. जुनं लेबल कितीही चुकीचं असो, ते काढायचं नाही. शेजारी दुरुस्तीची चिठ्ठी लावायची, खाली दुरुस्त करणाऱ्याचं नाव आणि तारीख. इतक्या वर्षांच्या नोकरीत कौसल्याने मोठमोठ्या विद्वानांच्या अशा शेकडो चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. नम्रताने एक कोरी चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली.

"तुम्हीच लिहा. सही तुमची लागेल."

"एक नको," कौसल्या डोळे पुसून म्हणाली. "अकरा दे."

दहा चिठ्ठ्यांवर तिने लिहिलं, जागेचं लेबल अंदाजाने लावलं आहे, भरवसा ठेवू नये. खाली नाव आणि तारीख. काळ्या शाईत, सरांसारखं सावकाश, कारण कपाटातल्या कुठल्याही कागदावर तिचं नाव पहिल्यांदाच येत होतं. अकरावी पिवळीची. तिच्यावर तेवढंच लिहून ती थांबली, आणि मग खाली आणखी एक ओळ घातली. नम्रताने वाकून वाचली. म्हणाली, "मावशी, अशा चिठ्ठीवर असलं काही लिहीत नाहीत."

"ठाऊक आहे मला," कौसल्या म्हणाली, आणि तिने खळीचं बोट कागदाच्या मागून फिरवून चिठ्ठी सरांच्या लेबलाला अगदी लागून चिकटवली. त्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: 'समेळ सरांना बरोबर आठवत होतं.'