आधी पाणी, मग गाणी!

मी एका प्रेमगीतात नाचले आहे, हे मला थिएटरात बसल्यावर कळलं.

माझं लहानपण रत्नागिरीत, मामूंच्या छापखान्यात गेलं. मच्छीमारांच्या मोर्चांची पत्रकं वाचतच मी अक्षरं शिकले. ('अ' अन्यायाचा, 'आ' आंदोलनाचा.) त्यामुळे सिनेमा बघताना माझं लक्ष हिरोकडे जातच नाही. तो परदेशी किनाऱ्यावर हात पसरून गातो, तेव्हा मला त्याच्या मागे झुलणारी माणसं दिसतात. ती कोण? कुठून आणली? जेवली का? हे मी प्रत्येक गाण्याला मोठ्याने विचारते, आणि धाकटी झोया रिमोट उचलून म्हणते, "आपा, नोबडी केअर्स!"

उत्तर एक दिवस आपणहून चालत आलं. आम्ही आता अमिरातीत, खोर फक्कानला राहतो; तिथे, आमच्याच किनाऱ्यावर, एका मराठी सिनेमाचं शूटिंग ठरलं. इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर मेसेज पडला: गाण्यात मागे उभी राहायला मराठी कुटुंबं हवीत, पांढरे कपडे घालून या. अम्मीने लगेच रत्नागिरीला फुपीला, अब्बांच्या बहिणीला, फोन लावला. "मी सिनेमात येतेय!" संध्याकाळपर्यंत अख्ख्या मोहल्ल्याला खबर! त्या दिवसापासून अम्मी आरशासमोर हसायची प्रॅक्टिस करू लागली. (आमटी करपली, हसू टिकलं.)

अब्बा बंदरात क्रेन चालवतात आणि कमी बोलतात. ते एवढंच म्हणाले, "मोठीला नेऊ नका."

पण मला जायचंच होतं! मागच्या माणसांचं काय होतं, हे मागे उभं राहून बघायची अशी संधी पुन्हा कधी मिळणार?

तर काय होतं, सांगते. मागची माणसं उन्हात उभी राहतात. हिरोला छत्री, हिरॉइनला छत्री, कॅमेऱ्यालासुद्धा छत्री! आम्ही सकाळपासून वाळूत भाजत होतो. शेवटी मी टोपीवाल्या असिस्टंटला गाठलं.

"दादा, मागच्यांना पाणी कधी?"

"मॅडम, बॅकग्राउंडला तहान लागत नाही."

त्याने विनोद केला असावा. पण कुणापुढे! माझी मूठ आपोआप वर गेली. "आधी पाणी, मग गाणी!"

अम्मीने मागून माझी ओढणी खेचली. "बस गो खाली! माझा सीन जाईल!"

"आधी पाणी!" मूठ वर.

"बस म्हटलं ना!" ओढणी खाली.

"मग गाणी!" मूठ वर.

मागच्या सगळ्या कुटुंबांनी टाळ्यांचा ठेका धरला. अब्बा गाडीला टेकून पुटपुटत होते, "खलास! व्हिसा गेला!" झोया ओळख न दाखवता चार पावलं लांब सरकली. दिग्दर्शक छत्रीखालून उठला, आमच्याकडे टक लावून बघत राहिला, कॅमेरामनच्या कानात काहीतरी बोलला. मग पाण्याचे खोके आले.

विजय! पहिली बाटली मी अम्मीपुढे धरली. तेवढ्यात असिस्टंट ओरडला, "मागच्यांचं झालं! थँक यू! यल्ला, निघा!"

"झालं?" अम्मीचा चेहरा पडला. "अजून मी हसलेसुद्धा नाही!"

त्यानंतर अम्मी माझ्याशी झोयामार्फत बोलू लागली. "तुझ्या क्रांतिकारक बहिणीला सांग, भात हवा तर स्वतः घे." झोया सांगायची, "सेल्फ सर्व्हिस, आपा." रोज फुपीचा फोन यायचा: "भाभी, पहिल्या शोला सगळा मोहल्ला जाणार हां, तुला बघायला!" अम्मी फक्त "इन्शाल्ला" म्हणायची आणि माझ्याकडे बघायची. त्या नजरेपुढे माझी सगळी पत्रकं फिकी!

सिनेमा दुबईत लागला. अम्मी मुलाचा निकाल लागणार असल्यासारखी बसली होती. गाणं सुरू झालं. समुद्र, हिरो, हिरॉइन... आणि त्यांच्या मागे तोंड वासलेली मी! घोषणेचा आवाज गायब, त्यावर बासरी. मूठ वर, ओढणी खाली. मूठ वर, ओढणी खाली. एकदम तालात! आणि ओढणीच्या दुसऱ्या टोकाला, पडदाभर, अम्मी!

"दिसले!" अम्मी उभी राहून ओरडली. "अगो, मी दिसले!"

न विचारता आमचा मोर्चा गाण्यात घातला म्हणून मी तिथेच निषेधाचा मजकूर जुळवायला लागले होते. पण अम्मीने, कित्येक महिन्यांनी, झोयाला मध्ये न घेता मला विचारलं, "पॉपकॉर्न खाशील?" मजकूर तिथेच थांबला.

आता रत्नागिरीत प्रत्येक लग्नात ती 'स्टेप' करतात. जोडीने. एकाने मूठ उगारायची, दुसऱ्याने ओढायचं.

परवा मामेबहिणीच्या लग्नाला गेलो होतो. बँडवाले कधीचे उन्हात उभे, आणि पाण्याचा पत्ता नाही! मला राहवेना. मी खुर्चीवर चढले, मूठ उगारली, "आधी पाणी..." अम्मीने सवयीने ओढणी खेचली. मांडवात एकच जल्लोष! सगळं वऱ्हाड आमच्या मागे नाचायला लागलं, आणि बिचारे बँडवाले सुकल्या घशाने तेच गाणं वाजवू लागले.

मी काय केलं? तालात होते. नाचले.