पिस्ता रंगाचा पंखा आणि गणपतीची माटवी

सर्व सगेसोयरे, भाऊबंद, शेजारीपाजारी आणि रस्त्याने जाता-येता आमच्या ओटीत डोकावून गेलेली समस्त मंडळी यांस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या तुळईला टांगलेली ती पिस्ता रंगाची वस्तू कोसळलेल्या विमानाचा तुकडा नव्हती, बोटीचं सुकाणू नव्हतं आणि सावंतवाडीहून आणलेलं लाकडी खेळणंही नव्हतं. तो पंखा होता. विजेचा, अगदी नव्या फॅशनचा पंखा. गावात वीज नव्हती, एवढीच काय ती उणीव.

मी त्या घरात नवी सून. मालवणहून तारकर्लीकडे जाताना माडांत लपलेलं घर, समोर पुळण, पुढे समुद्र. माझं माहेर सावंतवाडीचं, म्हणजे संस्थानी गावातलं, आणि आमच्याकडे दिवे होते. तेवढ्या भांडवलावर मी सासरी विजेची जाणकार ठरले. खरं तर माझं विजेचं ज्ञान बटण दाबणे आणि बटण परत दाबणे इथवरच होतं. पण कुणी आपल्याला जाणकार म्हणत असेल तर आपण होऊन कशाला नाही म्हणा? मी नुसती मान हलवायचे.

साठ साल उलटून गेल्यावर आमच्या रस्त्याने विजेचे खांब आले. खांब आले, पण तारा आल्या नाहीत. गुरांना अंग घासायला सोय झाली. पण माझ्या सासऱ्यांना, मामंजींना, खांब दिसले आणि त्यांचं चित्त उडालं. त्यांची उभी हयात मुंबईच्या एका कचेरीत पंख्याखाली गेली होती. निवृत्त होऊन गावी आल्यापासून त्यांना इथलं सगळं आवडत होतं. एक वारा मात्र पटत नव्हता.

"हयलो वारो आपल्या मनान येता नि आपल्या मनान जाता," ते म्हणत. "वारो कसो व्हयो? बटण दाबला की हजर!"

पंखा निवडायला आम्ही सावंतवाडीला गेलो, मामंजी आणि मी, एसटीने. दुकानात शिरताना मामंजींनी कोटाची बटणं लावली आणि मालवणी बाहेरच्या पायरीवर काढून ठेवली.

"आम्हास एक पंखा पाहावयाचा आहे," ते म्हणाले.

दुकानदाराने आधी तपकिरी पंखा दाखवला. मामंजी म्हणाले, हा झुरळासारखा दिसतो. पांढरा दाखवला. मामंजी म्हणाले, ह्याच्याखाली बसलं की आपलं ऑपरेशन व्हायचं आहे असं वाटेल. मग दुकानदाराने एक पंखा चालू केला आणि अभिमानाने सांगितलं, "हा घ्या, काका. अजिबात आवाज नाही."

मामंजी कान देऊन ऐकत राहिले. खरंच आवाज नव्हता. त्यांचा चेहरा पडला.

"आवाज नाही, मग पंखा चालू आहे हे शेजाऱ्यांस कसं कळावयाचं?"

शेवटी तो सापडला. पिस्ता रंग, पोटाभोवती सोनेरी पट्टा, पाती होडीच्या नाळीसारखी टोकाला निमुळती. चालू केल्यावर बेताचा, खानदानी असा घूं घूं आवाज. त्याच्या पहिल्याच झोताने मामंजींची टोपी उडून काउंटरच्या पलीकडे गेली. मामंजी उघड्या डोक्याने वर बघत उभे राहिले. लग्नात मला बघताना माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर ते भाव नव्हते, हे मी तिथल्या तिथे मनात टिपून ठेवलं.

"तुमचं छत किती उंच आहे?" दुकानदाराने विचारलं.

मामंजी गोंधळले. "छत नाही. कौलं आहेत."

"पण काका, हा छताचा पंखा."

"मग छत सोडून बाकी सगळं आहे आमच्याकडे!" मामंजी म्हणाले, आणि त्यांनी लांबातली लांब दांडी मागितली.

आता इथे आमच्या घराची खरी अडचण सांगायला हवी, कारण पुढचं सारं तिथूनच उभं राहिलं. पंख्याचं वजन पेलणारी तुळई घरात एकच होती, ओटीवरची, आणि तिच्या मधोमध जुनी लोखंडी कडी होती. बाकीच्या लाकडांत वाळवी. आणि ती कडी मोकळी नव्हती. म्हणजे वर्षभर मोकळी असायची, पण चतुर्थीला तिच्यावर गणपतीची माटवी चढायची.

आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी पट्ट्यांची चौकट टांगतात, ती माटवी. तिला आंब्याच्या पानांचे टाळे, तेरड्याची फुलं, सुपारीच्या घोसांची शिपटी, न सोललेले असोले नारळ, काकडीसारखं हे लांब तवसं आणि कवंडळं नावाची लालभडक रानफळं बांधायची. रानात-परसात त्या दिवसांत जे म्हणून फळतं-फुलतं, ते सारं देवाच्या माथ्यावर. माटवीशिवाय गणपती बसत नाही.

आणि गणपती भाऊबंदांचा, सगळ्यांचा मिळून एक. तो आमच्या ओटीवर बसायचा तो त्या कडीमुळे. आमच्या शेजारी मामंजींचे थोरले चुलत भाऊ राहायचे. सगळे त्यांना थोरले म्हणत, मीही तेच म्हणते. थोरल्यांनी नुकतंच नवं घर बांधलं होतं. सिमेंटची जमीन, आणि तुळईला एक नाही, चार कड्या. त्या कशासाठी, ते न सांगता सगळ्यांना कळत होतं.

थोरले अंगाने भारी. अंगावर पंचा, आणि हातात बारा महिने विंझणा, म्हणजे हातपंखा. पंख्याची बातमी कळताच विंझणा हलवत आले.

"वाडीसून खेळणा हाडलंस मा रे? समोर येवढो समुद्र आसा, आणि हो वारो इकत घेता!" मग कडीकडे बघून आवाज खाली आणला. "हंय पंखो टांगलंस तर माटवी खंय बांधतलंस? बघ हां. माटवी जर आपल्या जाग्यार नाय चढली, तर फुडल्या चवतीक गणपती माझ्या घरात."

हे ऐकून सासूबाई चुलीपुढून उठून दाराशी आल्या. थोरले गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माझ्या म्हायेरचा आता कोण रवाक नाय, गो. वर्साक येक हो गणपतीच येता माका भेटाक." आणि परत आत गेल्या.

तोवर मला हा सगळा खेळ वाटत होता. त्यानंतर मात्र नाही.

मामंजींना बायकोचं दुःख कळत होतं आणि पंखाही सोडवत नव्हता. ते कडीखाली खुर्ची टाकून बसून राहायचे. एका सकाळी एकदम उठले. "पंखो कडयेर. माटवी पंख्यार!" त्यांनी जाहीर केलं. "वीज नाय म्हणजे पंखो म्हणजे कडीच. जरा शोभेची कडी!"

सासूबाईंनी खूप वेळ विचार केला आणि विचारलं, "फिरूचो नाय मा?"

"इजेशिवाय कसो फिरतलो?" मामंजी म्हणाले आणि दोघांनी माझ्याकडे, म्हणजे जाणकाराकडे, पाहिलं. मी मान हलवली.

खांबांवर एव्हाना ताराही आल्या होत्या. वायरमन आला, घराला जोडणी देऊन पंखा चढवून गेला. भिंतीवर काळं बटण बसलं, शेजारी आकड्यांची गोल चकती. चकती मामंजींनी सर्वांत मोठ्या आकड्यावर नेऊन ठेवली. मोठा आकडा असताना लहानावर कशाला ठेवायची? वीज दसऱ्याला येईल, असं वायरमन सांगून गेला. याआधी ती शिमग्यालाही येणार होती, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही.

मग लोक पंखा बघायला येऊ लागले. मासे विकणाऱ्या बायका टोपल्या अंगणातल्या खळ्यात ठेवून येत. पोरं येत, भजनी मंडळी येत. आणि आलेला प्रत्येक जण ते बटण दाबून बघायचा. देवळात गेल्यावर घंटा वाजवतो ना, तसं. खट्. वर बघायचं, काही होत नाही याची खात्री करायची, समाधानाने निघून जायचं. पुढचा आला की परत खट्. बटण कधी वर होतं, कधी खाली, ते कुणी बघत नव्हतं. कशाला बघायचं?

चतुर्थी आली. माझे यजमान मुंबईहून आदल्या दिवशी पोचले. पंख्याकडे बघून त्यांनी फक्त "बाप रे" म्हटलं आणि मामंजींच्या तोंडाकडे बघून लगेच "सुंदर" म्हटलं. माटवी बांधायला सगळे भाऊबंद जमले, तेव्हा नवा पेच पडला. माटवीला कोपरे चार, पंख्याला पाती तीन.

"बघलास?" थोरले म्हणाले. "मी सांगलंय नव्हता? देवाक लंगडी माटवी!"

पण मामंजी हार मानणारे नव्हते. तीन कोपरे तीन पात्यांना बांधले, चौथा सोनेरी पट्ट्यावरून वळसा देऊन आवळला. टाळे चढले, तेरडा चढला, शिपटी, नारळ, कवंडळं. बरोब्बर मधे तवसं. पिस्ता रंग हिरव्यात कुठल्या कुठे लपून गेला. माटवी जागेवर चढली होती, आणि थोरल्यांना बोट ठेवायला जागा उरली नव्हती. सासूबाई दारातून बघत होत्या. मी त्या घरात आल्यापासून त्या पहिल्यांदा मोठ्याने हसल्या.

दुपारी पूजा-आरती झाली आणि भजन सुरू झालं. ओटी माणसांनी गच्च. भादव्यातलं ते उकडणं ज्याने सोसलं आहे त्यालाच कळेल. वारा पूर्ण पडलेला, कापूर, उदबत्त्या, समया, आणि दाटीत मांडीला मांडी लावून बसलेले आमचे सगळे भाऊबंद. थोरले वडील माणसाच्या मानाने पुढ्यात, थेट माटवीखाली पाटावर, घामाने निथळत. भजनाच्या टाळ्यांत दोन्ही हात गुंतल्यामुळे विंझणा बाजूला पडलेला. यजमान झांजा बडवत होते. आम्ही बायका माजघराच्या दारात.

भजन रंगात आलं आणि माटवीचं एक पान हललं.

मला वाटलं, वारा सुटला. मग शिपटं हललं. मग वरून एक बारीक कुरकुर ऐकू आली, आणि फळाफुलांनी लदबदलेली आमची माटवी हळूच, अगदी डौलात, देवाच्या डोक्यावर वळायला लागली.

झांजा थांबल्या. एकाने "म्हाराजा!" म्हणून जमिनीला डोकं टेकलं. लगेच सगळी ओटी वाकली. थोरल्यांनी डोळे मिटून हात जोडले. त्यांच्या ओठांवरून मला स्पष्ट दिसलं, ते माफी मागत होते. सगळ्या भाऊबंदांत दोनच माणसं वाकली नव्हती. मामंजी चकतीकडे बघत होते. आणि मी बटणाकडे.

झालं होतं ते असं की विजेच्या खात्यातल्या माणसांच्या घरीही गणपती होते. सणाची भेट म्हणून त्यांनी दसऱ्याची वाट न पाहता भर दुपारीच वीज सोडली आणि जेवायला घरी निघून गेले. भर उन्हात दिवा लागलेला कोण बघतो? आणि आमचं बटण शेवटच्या भक्ताने खाली, म्हणजे चालू करून ठेवलं होतं.

माटवीने वेग घेतला. आता डौल संपला. पहिल्यांदा सुटलं सुपारीचं शिपटं. ते भटजींच्या पाठीवर पडलं, आणि साक्षात देवाने थापटलं असं समजून भटजी अधिकच वाकले. मग कवंडळं सुटली. फट्, फट्, एक खांबावर, एक मृदंगावर, एक थोरल्यांच्या छातीवर फुटलं आणि लाल गर पोटावरून ओघळला. तेरड्याचा पाऊस पडला. एक नारळ दारातून बाहेर गेला तो खळ्यात, तिथून कुत्र्याच्या ओरडण्याचा आवाज आला. माणसं पाटाखाली, चटईखाली, एकमेकांखाली शिरली. मधलं तवसं सगळ्यांत शेवटी सुटलं आणि थोरल्यांच्या मांडीवर, बाळाला ठेवावं तसं, येऊन पडलं.

सासूबाई मात्र धावल्या. सरळ देवापुढे जाऊन दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. त्यांच्या अंगावर टाळे आपटत होते, पण मूर्तीला एक पाकळीही लागू दिली नाही.

बटण पलीकडच्या भिंतीवर होतं. मधे सगळे पुरुष. नव्या सुनेने पुरुषांतून चालत जायचं नाही, असा रिवाज होता. मी पदर खोचला, दोन चुलत दिरांना ओलांडून, एका पुतण्याच्या पाठीवर पाय देऊन गेले आणि माझं सगळं ज्ञान एका बोटात गोळा करून बटण दाबलं. खट्.

घूं घूं मंदावत थांबलं. वर पिस्ता रंगाचा पंखा, त्याच्या एका पात्याला लोंबकळणारी मोकळी चौकट आणि तेरड्याचं एक फूल. खाली पाटाखालून, चटईखालून एकेक डोकं बाहेर आलं. सगळ्यांचे डोळे थोरल्यांवर. आता ते उठणार, आणि गणपती कुठल्या घरी जायचा ते एका वाक्यात ठरणार. मामंजींनी मान खाली घातली होती. सासूबाई अजून हात पसरूनच होत्या.

थोरले हलले नाहीत. मांडीवर तवसं, छातीवर कवंडळाचा गर, कपाळावरचा घाम नुकता कुठे वाळलेला. त्यांनी हळूच वर पाहिलं. मग भिंतीशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्या भाऊबंदांच्या देखत ओरडले,

"गो, बंद कित्याक केलंस? आता खंय जरा वारो लागाक लागलो होतो! लाव परत, आणि फुडल्या चवतीक माझो पाट हंयच मांडा, पंख्याखाली!"