उजवीकडचं काळीज

वालूरच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे. हृदयाचा धडा मी फळ्यावर कधीच संपवला नाही. फळ्यावरचं हृदय धडधडत नाही, म्हणून माझा त्याच्यावर राग होता. मुलींना मैदानाला एक चक्कर मारायला लावायची आणि धापा टाकत आल्या की म्हणायचं, आता हात ठेवा आणि शोधा. सगळ्या जणी छातीच्या डावीकडे हात ठेवायच्या आणि खुदकन हसायच्या. इतकी वर्षं आत कुणीतरी राबतंय, हे त्यांना तेव्हाच कळायचं.

एकदा सातवीतली एक मुलगी म्हणाली, तिच्या हाताला काहीच लागत नाही. मी तिचा हात बाजूला करून माझा ठेवला. खरंच काही नव्हतं. हात सरकवत उजवीकडे नेला, आणि तिथे ते होतं, माझ्या तळहाताखाली ठकठक करत. माझा विश्वास बसेना. मी हळूच स्वतःचीही छाती चाचपून घेतली, न जाणो.

शाळा सुटायच्या आत बातमी तिच्या घरी पोचली आणि आई धावत शाळेच्या दारात आली. तिचा थोरला मुलगा लहानपणीच गेला होता, काळजाला भोक होतं म्हणून.

"बाई, हिचंबी तसंच हाय का?"

मला ठाऊक नव्हतं, आणि खोटा धीर देणं मला जमत नाही. परभणीला दाखवू, म्हटलं. नेमका तेव्हाच विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद झाला आणि एसट्या उभ्या राहिल्या. गाड्या सुरू होईपर्यंत त्या माउलीने पोरीला घागर उचलू दिली नाही की पळू दिलं नाही.

परभणीच्या दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्याने फिल्म पाहिली आणि उलटी लावलीस म्हणून मदतनिसावर खेकसला. दुसरी काढली, तीही तशीच. मग डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली, पोरीचं पोट चाचपलं, छाती नीट ऐकली आणि सांगितलं की हृदय उजवीकडे आहे, यकृत डावीकडे, आतलं सगळंच आरशात दिसावं तसं. हृदय मात्र निरोगी होतं. आईच्या पोटात असतानाच अवयवांची बाजू ठरते, हिची उलटी ठरली. का, ते त्यांनाही सांगता येईना.

मी थक्क होऊन ऐकत राहिले. बोटभरही नसलेल्या त्या जिवाने, कुणी न सांगता, आपलं सगळं बिऱ्हाड दुसऱ्या बाजूला मांडलं होतं आणि एक भांडंसुद्धा विसरलं नव्हतं. इतकी वर्षं हा विषय शिकवूनही मला शरीरातलं काही कळत नव्हतं, आणि त्याचा मला त्या दिवशी आनंदच झाला.

आईचं समाधान झालं नाही. बाहेर माणसांनी भरलेल्या व्हरांड्यात तिने पोरीला बाकावर बसवलं, स्वतः खाली फरशीवर बसली आणि तिच्या छातीला उजवीकडे कान लावला. बराच वेळ ती हललीच नाही.

"पोराचंबी असंच ऐकत बसले होते," कान न काढताच ती मला म्हणाली. "ऐकता ऐकता थांबलं."

पोरगी लाजून इकडेतिकडे पाहत होती. "आई, ऊठ की. लोक बघायलेत."

"बघू दे," आई म्हणाली, आणि तिने कान आणखी घट्ट टेकवला.