लाल बंद करा

आमच्या विश्रामबागेतल्या सोसायटीची मोटर बघणारा मिस्त्री व्हॉल्व्हला कधी व्हॉल्व्ह म्हणत नाही. टाकीचा तो रंगावरून ‘लाल’, बागेचा ‘हिरवा’ आणि जोर लावल्याशिवाय फिरत नाही तो ‘कडक’. ऐकून ऐकून आम्हीही तसंच म्हणू लागलो.

खंडेनवमीला आम्ही हौसेने मोटर धुतली, तिन्ही व्हॉल्व्हना तेल दिलं, एकाच डब्यातला लाल रंग फासला आणि हार घातले. दसऱ्याच्या सकाळी टाकीचा पाइप फुटला. मी मिस्त्रीला फोन लावला.

“आवं, लाल बंद करा की!”

“अहो, सगळेच लाल आहेत!”

“आसं कसं आसंल?” म्हणत तो स्वतःच आला. घोटाभर पाण्यात उभा राहून त्याने तिन्हींकडे पाहिलं. पुढे केलेला हात मागे घेतला आणि हळूच मलाच विचारलं, “सर, ह्यातला लाल कंचा?”