परबकाकांची बोटं

हे आईलाही माहीत नाही. तिला मी सगळं सांगते, डब्यात काय होतं, चप्पल कुठे तुटली, ताप किती चढला होता. हे मात्र सहा वर्षं कुणालाच सांगितलं नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून कदाचित जमेल. वाचताना माझ्याबद्दल चांगलं काही मनात धरू नका—एवढं आधीच सांगून ठेवते.

मी जिंतूरची. वडील शिंपी, आई शाळेत खिचडी शिजवायची. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. लालबागला एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात नोकरी लागली, तेव्हा या शहरात माझं एकही माणूस नव्हतं. बॅटरीच्या आत तांब्याचे पातळ पत्रे असतात, ते लेसरने कापून द्यायचं आमचं काम. पत्रा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे येईल तसला नाही. केसाहून पातळ, जवळ जाऊन बोललं तरी उडणारा. कापताना कडेला धातूचा बारीक काटा राहिला तर तो बॅटरीतला पडदा फाडतो आणि बॅटरी पेट घेऊ शकते. म्हणून आमचं सगळं काम त्या काट्यापाशी येऊन थांबायचं.

काटा शोधायला गाळ्यात दोन गोष्टी होत्या. एक सूक्ष्मदर्शक, त्यातून मी बघायचे. आणि दुसरे परबकाका.

काकांचे वडील गिरणीत होते. कापूस हाताळायचं कसब त्यांच्याकडून आलेलं. काकी देवासाठी वाती वळायच्या, त्यातली एक काका रोज शर्टाच्या खिशात घालून आणायचे. पत्र्याच्या कडेवरून ती वात हलकेच ओढायची. काटा असला की ती अडते. डोळ्यांना काही दिसत नाही, बोटांना फक्त ओढ कळते, आणि तीही काकांच्याच. मी कितीदा करून पाहिलं. ते हसायचे. "गो बाय, घाई कित्याक? बोटाक विचार, माका नको."

राहायची सोय त्यांनीच केली. चाळीत त्यांच्या शेजारच्या खोलीत त्यांची विधवा बहीण राहायची, तिच्याकडे. पत्रा श्वास रोखून उचलायचा, घाम आलेल्या हाताने शिवायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलं. मी अजूनही मुद्द्यावर येत नाही, दिसतंय ना तुम्हाला?

लेसरच्या तोंडाशी एक काच असते. कापताना उडालेलं तांबं तिच्यावर बसतं आणि मळक्या काचेतून कापलं की कडेला काटे राहतात, म्हणून ती रोज सकाळी उघडून पुसायची आणि तक्त्यात सही करायची. मशीन अर्धा तास बंद राहतं. त्या दिवशी आमचे पत्रे घेणाऱ्या बॅटरी कंपनीची माणसं काम बघायला येणार होती, आणि शेठ मला इनचार्ज करणार असं कानावर आलं होतं. मी काच उघडली नाही. सही केली.

कंपनीची माणसं उभी होती. काकांनी पहिल्याच तुकड्यावर वात ओढली आणि म्हणाले, "थांबवा. अडकतंय."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. काटे होते. रांगेने होते, करवतीच्या दातांसारखे. मी डोळा तसाच लावून ठेवला आणि म्हणाले, "कड स्वच्छ आहे, सर."

इथेच थांबले असते तर—पण थांबले नाही. पाहुणे जेवायला गेले तेव्हा मी शेठना बाजूला घेतलं आणि सांगितलं की काकांच्या बोटांना आता कळत नाही, वय झालंय, परीक्षा घेऊन बघा. हे मला कुणी सुचवलं नव्हतं. तेवढ्या वेळात मी काच पुसली आणि सकाळचा सगळा माल भंगाराच्या पिंपात टाकला.

जुन्या नमुन्यांतले दहा तुकडे मी टेबलावर मांडले. कुठला चांगला, कुठला खराब, ते माझ्या हातातल्या कागदावर. काकांनी डोळे मिटले. एकेक तुकडा, एकेक वात. चांगला. अडकता. अडकता. चांगला. कुठेही अडखळले नाहीत. दहाच्या दहा बरोबर.

"चार बरोबर," मी वाचलं, "सहा चूक."

कागद बघायला कुणी मागितला नाही. का मागतील? इंजिनीअर मी होते. पॅकिंगचा दीपक हसत म्हणाला, "काका, आता घरी बसून वातीच वळा!" सगळे हसले. काकाही हसले. मग आपल्या बोटांकडे बघत राहिले, अनोळखी माणसाकडे बघावं तसे. मला त्या क्षणी वाईट वाटलं असं लिहायला आवडलं असतं. मला बरं वाटलं. ज्या बोटांपुढे मी वर्षभर शिकाऊ होते, ती एका वाक्यात निकामी झाली होती.

मी इनचार्ज झाले. काकांना खोक्यांना पट्ट्या चिकटवायला बसवलं, आणि दोन महिन्यांत ते आपणहून यायचे बंद झाले. काकींनी मला विनवलं म्हणून मीच त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, बधिरपणा कधीपासून? काकांनी माझ्याकडे पाहिलं.

मी तारीख सांगितली.

गोळ्या सुरू झाल्या. संपल्या की मीच आणून देते. काका शेजाऱ्यांना सांगतात, पोरीने वेळेवर सांगितलं, नाहीतर कळलंच नसतं. त्यांनी बहिणीच्या सुईत दोरा ओवायचंही सोडलं. हात पुढे होतो आणि मागे जातो. आणि मी? मशीनवर कुणी नसलं की मी वात ओढून बघते. मला अजून काही कळत नाही.

गेल्या रविवारी काकांनी मला गॅलरीत हाक मारली. रेल्वेच्या पासाच्या पाकिटातून त्यांनी एक पत्र्याचा तुकडा काढला, कोपरे काळवंडलेला. त्या सकाळचा पहिला तुकडा. पिंपात गेला नव्हता तर. सहा वर्षं त्यांनी तो जपला होता. खिशातून वात काढून त्यांनी कडेवरून ओढली, एकदा, पुन्हा एकदा.

"गो बाय, माका अजून हय ओढ लागता. गोळ्यांनी गुण इलो काय? का तेव्हाही..." त्यांनी तुकडा माझ्यापुढे धरला. "खरां सांग. ह्यो खराब असा मां?"

मी तुकडा हातात घेतला. उजेडाकडे धरला. सूक्ष्मदर्शकाची गरजच नव्हती, त्यावरचे काटे मी त्या सकाळीच पाहिले होते.

"नाही काका," मी म्हणाले. "चांगला आहे."

त्यांनी मान हलवली. तुकडा परत पाकिटात ठेवला, वात गॅलरीबाहेर टाकली, आणि संध्याकाळची गोळी घ्यायला आत गेले.